नातेवाईकाची सही: लागू नाही

बाई मनोरुग्ण विभागात दाखल झाल्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 ची, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल ठेवण्याची, गरज आता उरली नाही. राहायचं असेल तर स्वतःच्या मर्जीने, कलम 86 खाली, नाहीतर घरी. बाई म्हणाल्या, "आजच जाते."

बाईंच्या भावाला फोन लावला. "आत्ता नको, अजून दोन महिने ठेवा." कलम 89 ची मुदतच तीस दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम 90, म्हणजे दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. नातेवाइकांची सोय हे कारण त्यात कुठेच बसत नाही. भावाने दुसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

दाखल करताना अर्ज त्याच्याच सहीने झाला होता. बाईंनी कोणाला नेमलेलं नव्हतं, त्यामुळे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साथ देणारा माणूस, म्हणून नातेवाईक धरला गेला. ते नियमाला धरूनच होतं. पण दुसऱ्या आठवड्यात, बोलणं जुळायला लागल्यावर, त्यांनी साध्या कागदावर मैत्रिणीचं नाव लिहून सही केली. स्टँपपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. मैत्रीण सज्ञान हवी, जबाबदारी पेलणारी हवी, आणि तिची लेखी संमती हवी. तीही मी घेतली. कागद केसपेपरच्या मागे टाचणीला होता आणि वरच्या पानावर प्रतिनिधी म्हणून अजून भाऊच. हे पान बदलणं माझं काम होतं. राहून गेलं.

खरं अडलं ते डिस्चार्जच्या फॉर्मवर. खाली उजवीकडे छापील रकाना: 'रुग्णास ताब्यात घेणाऱ्या नातेवाईकाची सही'. ताब्यात! जणू पोलीस ठाण्यातला मुद्देमाल. सिस्टर म्हणाल्या, "रकाना रिकामा राहिला तर ऑडिटला मी काय सांगू?" त्यांचं चुकत नव्हतं, ऑडिटवाले कायदा वाचत नाहीत, रकाने वाचतात. 2017 च्या कायद्यात सज्ञान माणसाला कोणी 'ताब्यात घेणं' नाही. स्वतःहून राहिलेला रुग्ण सुट्टी मागतो तेव्हा ती लगेच द्यायची. फार तर चोवीस तास थांबवता येतं, तेही कलम 88 मधली कारणं असतील आणि तपासणी करायची असेल तरच.

रकान्यावर आडवी रेघ मारून 'लागू नाही' लिहिलं, डॉक्टरांची सही-तारीख घेतली, फॉर्मची झेरॉक्स गेटवर दिली. तरी रक्षक विचारतोच, "कोणी न्यायला आलंय का?" दहा वर्षं त्याने हाच प्रश्न विचारलाय. नवा कायदा वॉर्डापर्यंत येतो, गेटपर्यंत पोचत नाही.

पंधरा दिवसांच्या गोळ्या, सकाळ-रात्रीचं वेगळं पाकीट, पुढच्या ओपीडीची तारीख. बाईंनी पाकिटं दोनदा मोजली. त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, रात्रीची एक गोळी कमी होती.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. कलम 98 म्हणतं, सुट्टीआधी पुढच्या उपचारांची आखणी रुग्ण, प्रतिनिधी आणि ज्याच्यासोबत तो राहणार त्या माणसाशी बोलून करा. बाई एकट्या राहतात. मैत्रीण दुसऱ्या तालुक्यात. तिच्याशी फोनवर बोललो आणि 'सोबत राहणारी व्यक्ती' या जागी तिचंच नाव घातलं. खोटं नाही, पण खरंही नाही.