चौथ्या मजल्यावरची मंजिष्ठा: अडीच वर्षांची नोंद

मंडळी, मागे मी "मंजिष्ठा लावतेय, बघू" एवढंच लिहून गप्प बसले होते. मंजिष्ठा म्हणजे मुळातून लाल रंग देणारी वेल. बरेच जण विचारत होते, जगली का म्हणून. जगली. पण तिचं काय बिनसतंय ते कळायला मला पहिले आठ महिने लागले, आणि कारण निघालं भलतंच. तेच आधी सांगते. बाकीचं घाईत वाचलंत तरी चालेल.

माझी जागा बोरिवली पूर्व. चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, बाहेर लोखंडी ग्रिल, त्यावर कबुतरांची जाळी. ऊन सकाळी साडेदहा-अकरापर्यंत, मग सावली. मला खरं म्हणजे गॅलियम लावायची हौस होती. युरोपात ते वाळवून गादीत भरायचे, कारण वाळलं की कुमारिन या सुगंधी द्रव्यामुळे त्याला नव्या कापलेल्या गवताचा गोड वास येतो. त्याच्या मुळातूनही लाल रंग निघतो. पण ते थंडीचं झाड, मुंबईचा मे महिना त्याला कुठून सोसणार? म्हणून त्याच कुळातली, अगदी जवळची, आपल्या सह्याद्रीतली मंजिष्ठा. कॉफी, कदंब, इक्झोरा, बारतोंडी हे सगळे तिचे लांबचे भाऊबंद. बारतोंडीचं मूळही लालच रंगवतं, पण कुंडीत बारतोंडी लावायला माझ्याकडे गच्ची नाही.

सुरुवातच फसवणुकीने झाली. जून 2023 मध्ये एका रोपवाटिकेतून "मंजिष्ठा" म्हणून रोप आलं. हृदयाच्या आकाराची पानं, वेल, सगळं वर्णनात बसतंय. मी महिनाभर लाड केले. मग एक दिवस खोडावरून बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि पानं एकेक, एकाआड एक. गुळवेल! कंपाउंडच्या भिंतीवर फुकट वाढते ती, मी पैसे मोजून घरी आणली होती. तेव्हा विकत घेताना आधी हात लावून बघा. मंजिष्ठेचं खोड चौकोनी असतं आणि त्याच्या चारी कडांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. वरून खाली बोट नेलं की सरकतं, खालून वर आणलं की अडकतं. मांजराची जीभ आठवा. आणि पानं प्रत्येक पेऱ्यावर चार-चार, चक्रासारखी.

या चारांतली गंमत मला फार उशिरा दिसली. चारांतली खरी पानं दोनच, उरलेली दोन म्हणजे पानासारखी वाढलेली उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारे पानाचे जोडभाग). दिसायला जवळपास सारखी, पण नवा फाटा फुटतो तो समोरासमोरच्या दोघांच्याच बगलेतून. भिंग घेऊन माझ्या वेलीचे बारा पेरे तपासले, एकही अपवाद नाही. छाट कलम करताना हे उपयोगी पडतं: डोळा कुठे आहे ते बघून कापा, नाहीतर काडी हिरवी राहते आणि फुटत काहीच नाही.

खरी मंजिष्ठा आली ऑगस्ट 2023 मध्ये. नणंद महाबळेश्वरकडे राहते, तिच्या परसाच्या बांधावर ती आपोआप आलेली आहे. (राष्ट्रीय उद्यान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि लोक हमखास विचारतात, "तिथून का नाही आणलीस?" तिथून काडीही उचलायची नसते, विषय संपला.) पाच छाटं आणि जमिनीला टेकून मुळं धरलेला एक तुकडा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने आले. साडेचार हजार फुटांवरून थेट समुद्रसपाटीला. छाटांपैकी दोनच जगली. मुळं धरलेला तुकडा मात्र आठ दिवसांत उभा राहिला. तेव्हापासून मी छाटांच्या नादी लागत नाही, दाब कलमच करते: लांब फांदी शेजारच्या कुंडीत वाकवायची, पेऱ्यावर मूठभर माती, वर दगड. पावसाळ्यात महिन्याभरात मुळं.

माती: लाल माती दोन भाग, कोकोपीट एक, जाडी वाळू एक, गांडूळखत एक, वर मूठभर निंबोळी पेंड. पिशवी पंधरा इंच खोल, कारण आपल्याला हवंय ते सगळं खाली आहे. पिशव्या जमिनीवर ठेवल्यात, ग्रिलवर नाही. भिजलेल्या मातीचं वजन ग्रिलवर टाकणं म्हणजे खालून चालणाऱ्याच्या नशिबाशी खेळ.

आता ते आठ महिने. वेल फूटभर वाढायची आणि खाली घसरायची. परत ग्रिलवर चढवून ठेवली की दोन दिवसांत परत खाली, पिशवीच्या कडेवर गोळा होऊन पिवळी. मी पाणी कमी केलं, पाणी वाढवलं, शेणखताचं पाणी दिलं, एप्सम सॉल्टसुद्धा देऊन झालं. घरातल्या सगळ्यांनी मतं दिली. मार्चमध्ये एका रविवारी सासूबाई कपडे काढायला बाल्कनीत गेल्या आणि ओरडल्या, "अगं, हे काय गं, पदर सोडत नाहीये!" बघते तर घसरलेल्या वेलीने त्यांच्या सुती पातळाचा काठ घट्ट धरलेला. ग्रिलला न चिकटणारी वेल पातळाला चिकटली होती.

मंजिष्ठेला ताणे नसतात. ती कारल्यासारखी गुंडाळत नाही, जाईसारखी पीळही देत नाही. ती काट्यांनी नुसती अडकते, म्हणून तिला खरखरीत आधार लागतो: झुडपाच्या फांद्या, गवत, बांधाचे दगड. ऑइलपेंट मारलेलं गुळगुळीत लोखंड तिला काहीच कामाचं नाही. त्याच संध्याकाळी काथ्याची जाड दोरी आणून ग्रिलला उभी-आडवी बांधली. काही गुंडाळलं नाही, नुसती वेल टेकवली. तीन आठवड्यांत ती वर कबुतरांच्या जाळीपर्यंत पोचली. खतं-बितं सगळी निरपराध होती.

काथ्या दोन पावसाळे टिकतो, मग कुजतो. नायलॉनवर काटे नीट धरत नाहीत. कबुतरांची जाळी मात्र ती भोकांतून आत-बाहेर शिवून घेते, आणि मग भानगड. एकदा सेक्रेटरी दारात: "वहिनी, तुमची वेल खालच्यांच्या खिडकीत गेलीय." ओढून काढायला गेले तर जाळी फाटायची वेळ. तुकडे तुकडे कापून काढावी लागली, आणि हात पूर्ण ओरबाडले. जाळीपासून वीतभर अलीकडेच शेंडे खुडा.

एप्रिल-मे 2024 वाईट गेले. शेजारच्यांच्या एसीचं आउटडोअर युनिट बरोबर माझ्या वेलीकडे तोंड करून आहे. रात्रभर गरम हवा. पानांच्या कडा तपकिरी, मग लाल कोळी ही कीड, मग वरचं सगळं वाळून काड्या. मला वाटतं मुंबईत तिला खरा त्रास दिवसाच्या उन्हाचा नाही, रात्र थंड होत नाही त्याचा आहे. घाटावर मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण लागतं. मी काड्या जमिनीलगत कापल्या, पिशव्या स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली ढकलल्या आणि आठवड्यातून दोनदा ओल टिकेल एवढंच पाणी दिलं. आशा नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि तीनपैकी दोन पिशव्यांत तांबूस कोंब. तिसरी जुलैत गेली, आणि ती चूक पूर्ण माझी. फरशी खराब होऊ नये म्हणून खाली ताटली ठेवलेली, पावसाचं पाणी तिच्यात साठून मुळं कुजली. 2025 च्या उन्हाळ्यात मी वाट बघितली नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःहून कापून पिशव्या उत्तरेला नेल्या, आणि दोन्ही सुखरूप बाहेर आल्या.

फुलं पहिल्यांदा ऑक्टोबर 2024 मध्ये. फोटो मागू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्यात येतच नाहीत. हिरवट-पांढरी, मोहरीएवढी, पाच पाकळ्यांची. डिसेंबरात फळं, आधी हिरवी, मग काळीभोर, मिरीपेक्षा लहान. वीस बिया ताज्या ताज्या पेरल्या, सहा उगवल्या, त्यातली दोन रोपं पुढे मैत्रिणीकडे मुलुंडला गेली. त्यांचं काय झालं ते तिने सांगितलेलं नाही, म्हणजे समजा.

आणि आता मूळ. गेल्या महिन्यात, जानेवारी 2026 मध्ये, जुन्या पिशवीची एक बाजू उघडून तिथली मुळं घेतली. वरची साल तपकिरी, नखाने खरवडली की आत केशरी-लाल. जाडी मात्र बॉलपेनच्या रिफिलएवढी. दादरला काष्ठौषधींच्या दुकानातून तुलनेला थोडी विकत आणली, ती माझ्यापेक्षा जाड आणि गडद. युरोपातल्या मंजिष्ठेची शेती होती तेव्हाही मुळं साधारण तिसऱ्या वर्षी काढायचे, मी घाईच केली. 1868 मध्ये ग्रेब आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या झाडातलं मुख्य रंगद्रव्य, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवलं आणि ती शेती काही वर्षांत बसली. आपल्या मंजिष्ठेत जोर पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन या दुसऱ्या रंगद्रव्यांचा. मुंजिस्टिन हे नावच मंजिष्ठेवरून पडलंय.

वाळवून भरली बारा ग्रॅम. त्यात एक पांढरा सुती रुमाल. आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या, मग रात्रभर भिजवून कुटलेल्या मुळांबरोबर मंद आचेवर तासभर. उकळू द्यायचं नाही, उकळलं की तपकिरी द्रव्यं सुटून रंग मळतो. पहिला अर्धा रुमाल फिकट निघाला, पिकल्या पेरूच्या गरासारखा. मग आठवलं की मंजिष्ठेला पाण्यात कॅल्शियम लागतं, आणि आपल्या नळाचं पाणी तलावांचं, पावसाचं, मऊ. दुसऱ्या अर्ध्याला पानाचा चुना चिमूटभर टाकला आणि डोळ्यांदेखत रंग खोल गेला, विटेपेक्षा जरा गुलाबी. तीन धुण्यांनंतरही तसाच आहे. फिकट अर्धा मात्र दुसऱ्या धुण्यातच अजून उतरला.

औषधाबद्दल दोन ओळी, कारण ते विचारणारच आहात. चरकाच्या वर्ण्य गणात (कांती सुधारणाऱ्या औषधांच्या गटात) ती आहे, त्वचेसाठी वैद्य देतात, हे खरं. पण मी माझ्या कुंडीतलं मूळ कोणाला पोटात घ्यायला देत नाही. या कुळातलं रंगद्रव्य हाडांतल्या कॅल्शियमला धरतं. 1736 मध्ये लंडनच्या जॉन बेल्चियर या शल्यचिकित्सकाने लिहून ठेवलंय की मॅडर, म्हणजे युरोपातली मंजिष्ठा, पोटात गेलेल्या डुकरांची हाडं लाल निघाली. रुमालावर चुन्याने जे झालं तेच की हे. घ्यायचीच तर वैद्यांना विचारून, शहाणपण करून नाही. सासूबाईंनी "थोडं उगाळून चेहऱ्याला लावू का?" विचारलं, त्यांना दादरचीच पूड आणून दिली.

सध्या: एक पिशवी पूर्ण आहे, ती 2027 च्या थंडीपर्यंत उघडणार नाही. उघडलेल्या बाजूला नवी माती भरली. कापलेल्या मुळांचा डोक्याकडचा, डोळे असलेला भाग वेगळ्या कुंडीत लावलाय. सोळा दिवस झाले, अजून काही नाही. दोन दाब कलमं तयार आहेत, बोरिवली-कांदिवलीतल्या कोणाला हवी असतील तर सांगा. काथ्याची दोरी स्वतःची आणायची.