पोन्फेरादा, व्हाया लोणंद

दुपारी जेवून आडवा झालो की डोळा लागेपर्यंत मोबाईलवर नकाशा बघत पडायची मला खोड आहे, जायचं कुठंच नसतं, नुसती गावांची नावं वाचायची. परवा असाच सरकत सरकत स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवर जाऊन पोचलो. त्यांची वारीच म्हणा ना, पाठीवरच्या पिशवीला शिंपला अडकवून लोक शेकडो किलोमीटर चालतात. त्या वाटेवर पोन्फेरादा लागतं, कोळशाच्या खाणींच्या मुलखातलं गाव. नावात लोखंड आहे, तेव्हा मला वाटलं हे पण खाणीतनंच आलं असणार. तर तसं काही नाही. 1082 च्या सुमाराला अस्तोर्गाच्या ओस्मुंदो नावाच्या बिशपनं यात्रेकरूंना नदी ओलांडता यावी म्हणून पूल करून घेतला, त्याला लोखंडाची बळकटी दिली, म्हणून लोखंडी पूल, पोन्स फेराता. कोळशाची मोठी कंपनी निघाली 1918 ला, तोवर नाव जुनं होऊन बसलेलं.

पूल म्हटलं की मला नीराच आठवते. माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात तेव्हा वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. सगळे म्हणायचे दिसलं, दिसलं, मला एकदाही दिसलं नाही. दिसायची ती पुढच्या माणसाची मान, घामात बुक्का मिसळून कॉलरपर्यंत ओघळलेली काळी रेघ. तेवढ्यात वडील हात जोडायचे आणि मी पडता पडता वाचायचो.

आपल्याकडं गावाचं नाव कुठनं आलं विचारा, पारावर चार माणसं असली तर पाच कथा निघतात. सांगली म्हणे सहा गल्ल्यांवरनं, सातारा म्हणे सात डोंगरांवरनं, आणि पांडव तर कुठं राहून गेले नाहीत ते सांगा. मला सगळ्या पटतात. तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब आहे, माउलींचं पहिलं उभं रिंगण तिथलं, एवढ्या एका दुपारीवर त्या जागेचं नाव अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. स्पेननं 2018 संपता संपता बहुतेक कोळशाच्या खाणी बंद केल्या, चालणारे मात्र अजून येतात.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, ती दरवर्षी दिंडीबरोबर लोणंद ते फलटण चालते. पूल, बिशप, कोळसा सगळं तिनं गहू निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे, बायकांच्या आंघोळीची सोय काय असती तिथं? आमच्यात टँकर आला तरी आडोसा नसतोय."