तुम्ही विचारलंत म्हणून: अनुदानाने संशोधन वाढतं का?

"सरकारने कंपन्यांना संशोधनासाठी पैसे दिले, त्याने खर्च खरंच वाढला का?" असं विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एकच तक्ता असतो: अनुदानाआधीचा खर्च आणि नंतरचा. तो बाजूला ठेवा. अर्ज करते ती कंपनी, जिचा प्रकल्प आधीच तयार असतो. तिचा खर्च बहुधा तसाही वाढणारच होता.

समजा, कंपनीने १०० रुपये खर्चले, त्यातले ३० सरकारचे. अनुदानाविना ती ७० खर्चणार असेल, तर तीसच्या तीस कामी आले. एरवीही १०० खर्चणार असेल, तर सरकारने तिचंच बिल भरलं. पंचाईत ही की 'अनुदान नसतं तर' हा रकाना कुठल्याच ताळेबंदात नसतो. तो आकडा शेजाऱ्याकडून, म्हणजे अनुदान न मिळालेल्या पण तशाच कंपनीकडून, उसना आणावा लागतो.

असा शेजारी इटलीत मिळाला. एमिलिया-रोमान्या प्रांताच्या २००३ च्या योजनेत प्रस्तावाला १०० पैकी गुण मिळत आणि ७५ च्या खाली पैसे नाहीत. ७४ वाली आणि ७६ वाली कंपनी, फरक तो किती? काठाच्या दोन्ही बाजूंचे ताळेबंद ताडून पाहिले, तर एकूण गुंतवणुकीत लक्षणीय वाढ नाही. लहान कंपन्यांनी मात्र जवळजवळ अनुदानाइतकीच वाढवली होती, मोठ्यांनी नाही. नुसत्या सरासरीत हे बुडालं असतं. पण आधी कुठल्या गुणाला किती कंपन्या, याचा आलेख काढा: ७५ वर गर्दी आणि ७४ ओस दिसली, तर कुणीतरी गुण ढकललेत आणि तुलना बाद.

आपल्याकडे थेट अनुदानाऐवजी करसवलत घ्या: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या संशोधन खर्चावर आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट खर्चाच्या २०० टक्क्यांवरून २०१७-१८ पासून १५० आणि २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली. सगळ्यांना एकदमच, त्यामुळे काठच नाही. अशी प्रयोगशाळा नसलेल्या कंपन्या शेजारी म्हणून घ्याव्यात, तर त्यांचा धंदाच निराळा.

खर्च वाढलेला दिसला, तरी तो कशाचा ते पाहा. चीनमध्ये २००८ च्या नियमांनुसार २० कोटी युआनवर विक्री असलेल्या कंपनीला करसवलतीसाठी विक्रीच्या किमान ३ टक्के संशोधनावर दाखवावे लागत. कंपन्यांची गर्दी बरोबर ३ टक्क्यांवर, आणि नेमका तिथेच त्यांचा प्रशासकीय खर्च घटलेला! कार्यालयाचा काही खर्च संशोधनाच्या खात्यात गेला होता. म्हणून दोन्ही खाती शेजारी ठेवा आणि संशोधकांची संख्याही मागवा. खर्च वाढला, माणसं तेवढीच, तर पैसा बहुधा पगारवाढीत गेलाय.