अमॅटिक एससी: उंच, किडकिडीत आणि प्रचंड लाडका फॉन्ट

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणाऱ्या हाताने काढल्यासारख्या फॉन्टांमध्ये माझा सगळ्यात लाडका म्हणजे अमॅटिक एससी. व्हर्नन ॲडम्स या फॉन्ट डिझायनरचा, म्हणजे ज्यांचा ऑसवाल्ड आपण सगळे हेडिंगला वापरतो तेच, २०१६ मध्ये गेले ते. इतकं सुंदर काम ओपन लायसन्सखाली सगळ्यांना वापरायला देऊन गेले, याबद्दल मला खरंच फार कृतज्ञ वाटतं.

यात स्मॉल लेटर्स नाहीतच, छोटं टाइप केलं तरी कॅपिटलच येतं, फक्त जरा बुटकं. बारीक मार्करने घाईत लिहिल्यासारखी रेघ, कुठेच अगदी सरळ नाही, आणि अक्षरं इतकी अरुंद की लांबलचक शब्दसुद्धा एका ओळीत मावतो आणि तरी उंच दिसतो. जॅमच्या बाटलीचं लेबल घ्या, समोरून दिसणारा भाग जेमतेम चार-पाच सेंटिमीटर, त्यावर इंग्रजीत 'स्ट्रॉबेरी' लिहायचं म्हणजे दहा अक्षरं, साध्या फॉन्टमध्ये साइज इतका कमी करावा लागतो की दुकानात लांबून काही वाचताच येत नाही, अमॅटिकमध्ये तोच शब्द मस्त ऐसपैस उभा राहतो. कॅफेचा मेनू, बारशाचं आमंत्रण, मुलांच्या वर्कशॉपचं पोस्टर, सगळीकडे शोभतो.

पण हा हेडिंगचा फॉन्ट आहे हो, प्लीज त्यात पॅराग्राफ लावू नका!! लेबलवरचे घटक पदार्थ, एक्स्पायरी वगैरे मुक्ता या फॉन्टमध्ये लावा, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही त्यात नीट बसतं. खाकी क्राफ्ट पेपरवर छापणार असाल किंवा काळ्यावर पांढरं हवं असेल तर बोल्डच घ्या, रेग्युलरची रेघ इतकी बारीक आहे की शाई जराशी पसरली की अक्षर गिळलं जातं. आणि अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, लगेच श्वास घेतल्यासारखं दिसतं.

आता मराठीचं. अमॅटिकमध्ये देवनागरी नाहीये, त्यामुळे वेबसाइटवर मराठी शब्द आला की ब्राउझर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि सगळा मूड जातो. मग लोक काय करतात, कुठलातरी देवनागरी फॉन्ट घेतात आणि आडवा दाबून अरुंद करतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. आडवं दाबलं की उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड राहते, अक्षराच्या डोक्यावर ओझं ठेवल्यासारखी, शिवाय काना पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखा दिसतो. अरुंद देवनागरी मुळापासून तशी काढावी लागते, 'खंड' आणि 'तेको' हे फॉन्ट तसे काढलेले आहेत आणि चांगलेच आहेत, पण त्यांचा स्वभाव कडक, स्पोर्ट्सच्या बातमीला शोभणारा. 'कलम' हा फॉन्ट हातचा वाटतो पण तो अरुंद नाही.

कमल शेडग्यांनी नाटकांची नावं हाताने काढली आणि प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर मिळालं, तेच आपण एका लेबलपुरतं का करू नये? मराठी नाव एखाद्या अक्षर चांगलं असणाऱ्याकडून स्केचपेनने काढून घ्या, उंच आणि अरुंद, वेलांटीला वर भरपूर जागा सोडून. स्कॅन करून व्हेक्टर करा (म्हणजे कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत) आणि खाली इंग्रजी अमॅटिक बोल्डमध्ये लावा, फक्त दोन्हींची रेघ सारख्याच जाडीची ठेवा.