सिंकची जाळी

सिंकमधली जाळी साफ करणं हे काम घरात कुणाचंच नसतं. आज दुपारी ते माझ्या वाट्याला आलं. चहाचा चोथा, कांद्याचं साल, कशाचं तरी देठ आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं ते बुळबुळीत काहीतरी. काल ताटात यातलं काहीच घाण वाटत नव्हतं. आज मात्र चिमटीत धरवत नाही.

लहानपणी मला वाटायचं, सिंकच्या भोकाखाली काही नसतंच. टाकलं की गेलं. मग एका रविवारी सिंक तुंबलं. बाबा खालच्या कपाटात डोकं घालून आडवे झाले आणि त्या वाकड्या पाइपची चकती फिरवू लागले. आई म्हणाली, "आधी बादली ठेवा." बाबा म्हणाले, "असून असून किती पाणी असणार?"

तो पाइप वाकडा असतो तोच मुळी पाणी धरून ठेवायला. त्या पाण्यामुळे गटाराचा वास घरात येत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली संडासासाठी अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं होतं. बाबांचा आणि त्याचा परिचय नव्हता. भस्सकन सगळं त्यांच्या छातीवर आलं. मागोमाग मेणासारखा पांढरट गोळा पडला आणि त्यात रुतलेले भाजीचे तुकडे. आठवडाभर मी गुपचूप ओतलेली, माझी नावडती भाजी. आईने गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली काहीच नाही.

तेव्हापासून तेलकट कढईला मी आधी कागदाने पुसून घेते. "गरम पाणी ओत, सगळं जातं," असं सांगणारे भेटतात. जातं ना, पुढे जाऊन थिजायला. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात असाच थिजलेल्या चरबीचा नि ओल्या वाइप्सचा गठ्ठा सापडला होता. २५० मीटर लांब, १३० टन! त्यात कुणाकुणाची नावडती भाजी असेल, देव जाणे.

एका मैत्रिणीच्या सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र आहे. जॉन हॅम्स नावाच्या एका अमेरिकन वास्तुविशारदाने १९२७ साली ते काढलं म्हणतात. बटण दाबलं की घर्रर्र, आणि भोकाखाली पुन्हा काही नाही. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

माझ्याकडे आहे तो झाकणाचा डबा, तळाशी वर्तमानपत्राची घडी. खरकटं आधी निथळायचं, मग डब्यात. निम्मा वास ओलीचाच असतो. उन्हाळ्यात डबा रोज रिकामा करायचा, नाहीतर चिलटं आठ-दहा दिवसांत पुढची पिढी उभी करतात. हाडं आणि माशांचे काटे मात्र कचरा न्यायच्या दिवसापर्यंत पिशवी बांधून फ्रीजरमध्ये. एकदा पाहुण्यांनी बर्फ घ्यायला फ्रीजर उघडला आणि पिशवीकडे बघून विचारलं, "हे रात्रीच्या जेवणाला का?" त्या दिवशी ते जरा लवकरच निघाले.

असो. जाळी कागदावर आपटली, पुडी बांधली, डब्यात टाकली. चोथ्याचे चार-दोन कण तरी भोकाच्या कडेला उरलेच. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. नळ सोडला.