तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगं वजन उचलतंय, तरी बारवरची प्लेट का काढता?

लातुरात माझ्याकडं पोलीस भरतीची पोरं येतात. त्यांचे वडील, मित्र, शेजारच्या जिमवाले, सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, उचलायलंय की पोरगं, मग प्लेट कशाला काढायलात?"

उचललं का, एवढंच मी बघत नाही. किती वेगानं उचललं ते बघतो. बारला दोरी लावलेलं यंत्र प्रत्येक रेपचा, म्हणजे एकेका उचलीचा, वेग दाखवतं. वर येताना पूर्ण जोर लावायचा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. वजन वाढेल तसा वेग जवळपास सरळ रेषेत उतरतो. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना, जेमतेम एकदाच उठेल असं वजन सेकंदाला साधारण 0.3 मीटरनं वर येतं, बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर झोपून छातीवरून बार ढकलताना, त्याच्या निम्म्यानं. म्हणून प्रत्येक व्यायामाचा आणि प्रत्येक पोराचा तक्ता वेगळा.

पूर्वी मीही कमाल वजनाच्या टक्केवारीवरच चालायचो. एकदा कमाल वजन काढलं की महिनाभराचा कागद तयार. पोरांना त्या कागदाचा आधार वाटायचा, हे आजही मानतो. पण कमाल 120 किलो निघाली ती त्या दिवशीची. आजची किती, ते कागदाला कसं कळणार?

सोयाबीनच्या सुगीत एक पोरगा रात्रभर मळणीवर राबून सकाळी थेट आला. कागदावर 100 किलोचे पाच रेप होते. एरवी त्याचा पहिला रेप 0.50 च्या आसपास यायचा, त्या दिवशी 0.39 आला. मी बार ठेवायला लावला आणि दहा किलो उतरवले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, तुम्हाला माझ्यापेक्षा त्या दोरीचं खरं वाटायलंय. भरतीला गोळा हलका देणारेत का?" त्यानं स्वतःच प्लेटा परत चढवल्या. पाचही रेप काढले. शेवटचा इतका सावकाश की सगळी जिम थांबून बघत होती. त्याला काही झालं नाही. बॅग उचलून गेला, तो परत आला नाही. पुढं भरतीच्या मैदानी चाचणीत पास झाला, हे दुसऱ्यांकडून कळलं.

"बघा, तुमचं चुकलं," असं मला ऐकवतात. एका सेटवरून, म्हणजे सलग काढलेल्या तेवढ्या रेपवरून, ना माझं ठरतं, ना त्याचं. 2017 साली स्पेनमधल्या संशोधकांचा स्क्वॉटवरचा अभ्यास आला. एका गटानं वेग 20 टक्के घटला की सेट थांबवला, दुसऱ्यानं 40 टक्के घटेपर्यंत ओढला. ताकद दोघांची सारखीच वाढली. उडी 20 वाल्यांची जास्त सुधारली, मांडीचा स्नायू 40 वाल्यांचा जास्त भरला. मला भरतीची 100 मीटर आणि गोळाफेक काढून घ्यायची आहे, त्यात उडीसारखाच झटका लागतो, म्हणून मी लवकर थांबवतो. नुसती मांडी भरायची असती, तर त्या पोराची बाजू जड होती.

राहिला गोळा. तो 7.26 किलोचाच मिळतो, रात्रभर मैदानाबाहेर फुटपाथवर पडून आलेल्या पोरालाही. त्या रात्रीची तयारी रोज थकून करायची, की रोज ताजं राहून? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण तो पोरगा समोर येऊन पुन्हा तेच बोलला, तर त्याला गप्प करील असं उत्तर माझ्याकडं नाही. प्लेट मात्र तेव्हाही काढीन.