जामठा आमच्या रस्त्यावर आहे

31 ऑक्टोबर 1987. मी 11 वर्षांचा. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, पऱ्हाटीचा पहिला वेचा सुरू, आणि बाबा मला घेऊन नागपूरला निघाले. वेचायला बाया मिळत नव्हत्या, त्यामुळे आई दोन दिवस बोलली नाही. पहाटे हिंगणघाटहून पॅसेंजर पकडली. नागपूर स्टेशनवरून सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) ग्राउंडपर्यंत आम्ही पायीच गेलो. फडक्यात भाकरी न् ठेचा होता.

वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड मॅच होती. त्या दिवशी चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड असे लागोपाठ तिघांचे दांडे उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅटट्रिक. मग गावसकर. 88 चेंडूंत नाबाद 103, वन-डेतलं त्याचं एकुलतं एक शतक! चॅटफील्डला त्यानं ओळीनं 6, 6, 4, 4 मारले, तेव्हा बाबा टोपी हातात घेऊन उभेच होते. परतताना गाडीत मात्र गप्प गप्प. बुटीबोरी गेल्यावर म्हणाले, "यात आपल्याकडचा कोणीच नाही का रे?"

नव्हता. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मला, पण ती 1895 ची गोष्ट. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळत होता, आणि दरवर्षी लवकर घरी येत होता. व्हीसीएवर 1969 साली पहिली कसोटी झाली, तीही न्यूझीलंडनं 167 धावांनी जिंकली. ग्राउंड आपलं, खेळणारे दुसरे. बाबांना तेच लागलं होतं. पुढे खापरखेड्याकडच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा उमेश यादव 2011 मध्ये कसोटी खेळला. विदर्भाचा पहिला! त्या दिवशी बाबांनी चौकातल्या पोट्ट्यांना चहा पाजला.

2008 मध्ये कसोट्या जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर गेल्या. नागपूरचे सोयरे अजूनही कुरकुरतात, लई दूर केलं म्हणतात. त्यांचं त्यांच्या जागी खरं आहे, जुनं ग्राउंड त्यांच्या घराजवळ होतं. पण आमच्याकडून पाहा. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, की आलंच जामठा. नागपूर लागायच्या आधीच उतरायचं. खेड्यातल्या माणसाला ग्राउंड जवळ येणं म्हणजे काय, हे पॅसेंजरनं गेलेल्यालाच कळेल.

1 जानेवारी 2018 ला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे 1987 च्या त्या वर्ल्ड कप संघातलेच. ती फायनल आम्ही मोबाइलवर पाहिली. पुढच्या वर्षी पुन्हा चषक आपलाच.

2 मार्च 2025 ला मात्र हरभऱ्याची मळणी एक दिवस पुढे ढकलली आणि बाबांना जामठ्याला नेलं. केरळविरुद्ध फायनलचा पाचवा दिवस. सामना अनिर्णित राहिला तरी चषकासाठी पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी विदर्भाला पुरेशी होती. हर्ष दुबेचे मोसमात 69 बळी, आजवर कोणी एका रणजी मोसमात इतके घेतले नाहीत, हे मी बाबांना दोनदा सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. शेवटी दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं आणि सामना तिथंच थांबला.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाबा, हा आपल्या वर्ध्याचा."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली.